दिवा मोठा कर

बल्ब बाहेर आला तेव्हा त्याच्यावर अंगठा होता.

आधी वेदिकाला ती धूळ वाटली. दिनेशनं गाडीच्या हेडलाईटची वाटी उघडली, मागची रबरी टोपी ओढून काढली, तारेची कडी दाबून सोडवली आणि जुना हॅलोजन फडक्यात धरून तिच्यापुढे केला. काचेवर एका अंगाला दुधाळ डाग होता. तिनं तो फडक्याच्या टोकानं पुसला, मग टोक ओलं करून पुसला, मग नखानं खरवडून पाहिला. नख कशालाच अडलं नाही. डाग काचेवर नव्हता, काचेत होता. तिनं बल्ब शेडच्या दाराकडे उन्हात धरला आणि त्या दुधाळपणात रेघा दिसायला लागल्या. एकीच्या आत एक, गोल, कापलेल्या बुंध्यावर असतात तशा, आणि मधोमध एक ठिपका.

"योग्याचा आहे," दिनेश म्हणाला. त्यानं निरखून पाहिलंसुद्धा नव्हतं. "हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही, हे आयटीआयला पहिल्या वर्षी शिकवतात. लाख वेळा सांगितलं त्याला, फडक्यानं धर बाबा. तर म्हणायचा, फडक्यानं धरलं की कळत नाही बसला का नाही. आता बसला बघ कायमचा." तो हसला, आणि हसणं मध्येच टाकून पाना शोधायला लागला.

वेदिकाला कारण माहीत होतं. तिचं एम.एस्सी. रसायनशास्त्रातलं, अंबडच्या एका कारखान्यात धातूचे तुकडे घासून, त्यांना आरशासारखी चकाकी आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं तिचं काम. घामात मीठ असतं. बोटाचा ठसा म्हणजे रेघारेघांनी लावलेलं मीठच. दिवा लागला की काच काही शे अंश तापते, त्या तापात मिठातलं सोडियम तिच्यात शिरतं, आणि जिथे शिरतं तिथे काच काच राहत नाही, तिचे बारीक स्फटिक होतात. म्हणजे हा ठसा बोटानं नुसता टेकवला होता. उठवला होता तो उजेडानं, दर संध्याकाळी थोडाथोडा. आणि गेलं वर्षभर ही गाडी वेदिकाच चालवत होती. हे लक्षात आलं तेव्हा तिनं बल्ब उन्हातून खाली घेतला. अंगठा त्याचा होता, पण तो काचेत पक्का केला होता तिनं.

योगेश तिचा थोरला भाऊ. त्याला जाऊन एक वर्ष आणि सहा दिवस झाले होते. सातपूरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये तो आणि दिनेश जुन्या पेट्रोलच्या मोटरसायकली विजेवर करून द्यायचे. इंजिन उतरवायचं, मोटर चढवायची, पोटात बॅटरी बसवायची. ही त्यांनी केलेली पहिली गाडी, योगेशची स्वतःची. बाकी सगळं बदललं तरी पुढचा दिवा त्यानं जुनाच ठेवला. मागच्या जानेवारीत एका ओळखीच्याच्या पिकअपमध्ये बॅटऱ्या घालून तो पहाटे विंचूरकडे निघाला. निफाडच्या पुढे धुक्यात रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागे दिवा नव्हता. ही गाडी तेव्हा इथेच, या खांबापाशी चार्जिंगला लावलेली होती. सगळं उरकून दुसऱ्या दिवशी दिनेश शेडवर आला, तर चार्जरचा हिरवा ठिपका लागलेला होता. बॅटरी पूर्ण भरलेली. कोणी तरी येऊन काढेल म्हणून वाट बघत होती, असं तो एकदा म्हणाला होता आणि नंतर पुन्हा कधी म्हणाला नाही.

"एम.एस्सी. झालेली माणसं बल्ब बदलायला आमच्याकडे येतात म्हणजे देशाचं काही खरं नाही," तो आता म्हणत होता. नव्या एलईडीचं खोकं त्यानं दातानं फाडलं. "पांढरा देऊ का पिवळसर?"

"पांढरा. सगळ्यात मोठा असेल तो."

"समोरच्याच्या डोळ्यात जाईल, जरा वाकवून बसवतो. पण हे बघ, तो होता पस्तीस वॅटचा, हा आहे बारा. तीन-चार किलोमीटर जास्त जाशील एका चार्जिंगमध्ये."

वेदिकानं मनात गणित केलं. तिच्या रोजच्या अर्ध्या तासात वाचणारी वीज गाडीला अर्धा किलोमीटरसुद्धा नेणार नव्हती. पण ती किलोमीटरसाठी आलीच नव्हती. "आई म्हणाली," ती म्हणाली, "त्या गाडीचा दिवा आता मोठा कर म्हणून."

दिनेशचा हात थांबला. पाना हवेतच राहिला. "काकू म्हणाल्या? असं म्हणाल्या, मोठा कर?"

"हो. अंधारात मला नीट दिसावं म्हणून असेल."

"हां," तो म्हणाला. "तसंही असेल." आणि त्यानं कडी दाबून नवा दिवा बसवला. नव्या दिव्याच्या टोकाला चौकोनी ठिपके होते, बंद असताना पिवळे. लावल्यावर ते पांढरे झाले, इतके, की भर दुपारी शेडच्या आतल्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळी एकेका धाग्यानं दिसली. जुना बल्ब वेदिकानं रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

अशोकनगरच्या मागे त्यांची गल्ली उताराची आहे आणि ती त्यांच्या घरापाशीच संपते. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे तोंड करून आहे. गाडी वरच्या टोकाला वळली की तिचा झोत उतारावरून सरळ खिडकीच्या गजांतून आत शिरतो आणि समोरच्या भिंतीवर गजांच्या सावल्यांसकट एक चौकोन पडतो. पेट्रोलवर होती तोवर या गाडीचा आवाज आई अर्ध्या मैलावरून ओळखायची. विजेवर गेल्यावर आवाज संपला. योगेश घरी येतोय याची एकच खूण उरली, भिंतीवरचा पिवळा चौकोन. तो पडला की आई तव्यावर त्याची भाकरी टाकायची आणि म्हणायची, "आला." मागच्या वर्षी, सगळे पाहुणे परतल्यावर, वडीलही द्राक्षाच्या कामाला निफाडला शेतावर गेल्यावर, वेदिका पहिल्यांदा ती गाडी घेऊन कामाला गेली आणि संध्याकाळी सव्वासातला परत आली. गाडी लावून पायरी चढते तोवर आतून ऐकू आलं, "आला." ती चप्पल न काढता तशीच उभी राहिली. मग तिनं स्वतःला समजावलं, की उजेड पुल्लिंगी आहे. उजेड आला. आई उजेडाबद्दल बोलतेय. व्याकरण बिनचूक होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. त्यानंतर रोज, भिंतीवर चौकोन पडला की आई म्हणायची "आला", तव्यावर भाकरी टाकायची, आणि दारातून वेदिका आत आली की तिच्याकडे असं बघायची, जसं पोस्टमननं दुसऱ्याचं पत्र दिल्यावर बघतात. रागानं नाही. फक्त नाव पुन्हा वाचल्यासारखं. वेदिकाला एकदा, एकदाच, "आली" ऐकायचं होतं. पण हे मागणार कसं? आईला काय सांगणार, की माझ्या येण्याला माझं क्रियापद लाव?

आणि खरं सांगायचं तर तिचंही सगळं सरळ नव्हतं. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत तिला पहिल्या दिवशी चार सेकंद लागले होते. सगळं मोजायची तिला सवय होती. दिवाळीपर्यंत ते नऊ झाले. ती सावकाश यायला लागली होती. दिव्याच्या मागे बसलेला माणूस समोरच्याला दिसत नाही, दिसतो फक्त दिवा. त्या नऊ सेकंदांत गाडीवर कोण आहे हे आईला माहीत नसे, आणि अंगात योगेशचं जाकीट, हाताखाली त्यानं गुंडाळलेली मुठीवरची पट्टी, तर उतारावरून खाली येताना वेदिकालाही ते अगदी पक्कं माहीत असे असं नाही. खिडकीत आईची आकृती, तिची मान वर झालेली. आपल्याकडे कोणी असं बघावं याची एक गोडी असते, ते बघणं दुसऱ्यासाठी असलं तरी. मग ती गाडी बंद करायची. हॅलोजनचा तंतू लगेच विझत नाही; पिवळ्याचा केशरी, केशरीचा लाल होत तो जातो. डोळा मिटायच्या आत सगळं संपतं. पण तिला ते दिसायचं, आणि तेवढ्यात ती पुन्हा वेदिका व्हायची.

म्हणून वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता आई म्हणाली, "वेदू, त्या गाडीचा दिवा आता मोठा कर बाई. लय दिवस झाले," तेव्हा वेदिका सरकून तिच्याजवळ बसली. अंबडहून येताना मधला रस्ता काळोखा आहे, तिथे खड्डे आहेत, हे आईच्या लक्षात होतं तर. कोणाच्या तरी येण्याची नाही, तिच्या येण्याची काळजी. "रविवारी करते," ती म्हणाली. "बरं होईल," आई म्हणाली. "सुटेल."

सुटेल या शब्दावर ती तेव्हा अडखळली नाही. पुष्कळ वेळा माणूस ऐकायचं असतं तेवढंच ऐकतो.

रविवारी सात वाजता ती नव्या दिव्यानं गल्लीच्या तोंडाशी वळली आणि गल्ली तिला ओळखू येईना. प्रत्येक खड्याला स्वतःची काळी सावली होती. शेजारच्या दारातल्या रांगोळीचे ठिपके मोजता आले असते. उंबऱ्यावर बसलेल्या कुत्र्यानं मान वळवली तर डोळ्यांच्या जागी दोन हिरव्या टिकल्या. खिडकीचे गज भिंतीवर असे उमटले, की सुरीनं कापल्यासारखे. वेदिका खाली आली, गाडी स्टँडवर लावली आणि थांबली. आतून काहीच ऐकू आलं नाही. "आला" नाही, "आली" नाही. दिवा तसाच ठेवून ती आत धावली.

आई तळहातावर थापलेली भाकरी घेऊन उभी होती. भाकरीची कड वाळत चालली होती आणि तवा रिकामा धुमसत होता. ती भिंतीकडे बघत होती. कॅलेंडरच्या खाली, पांढऱ्या चौकोनाच्या मधोमध, एक माणूस बसला होता.

डोकं. डोक्याखाली मान, मानेखाली खांद्यांचा उतार. चेहरा नाही, कारण तो पाठीकडून होता. किंवा पाठ नाही, कारण तो चेहऱ्याकडून होता. कडा मऊ, मध्ये दाट. बसून जेवणाऱ्या माणसाची उंची.

"कोण बसलंय गं?" आईनं हळूच विचारलं, झोपलेल्याला जाग येऊ नये तसं.

वेदिकाला सांगता येत होतं, आणि ती भराभर सांगत सुटली. डाग आहे आई, तेलाचा. केसांच्या तेलाचा. तो तिथेच बसायचा ना पाटावर, भिंतीला टेकून, कामावरून आला की. दिवसा ती भिंत दिसतच नाही, दार उघडून तिला टेकवलेलं असतं. संध्याकाळी डास येतात म्हणून तू दार लावतेस तेव्हा कुठे ती मोकळी होते, आणि तेव्हा घरात असतो तुझा हा पिवळा बल्ब. तेलाचा डाग पिवळट असतो. पिवळ्या उजेडात पिवळा डाग लपतो. पांढऱ्या उजेडात निळं असतं, ते निळं डाग पिऊन टाकतो, म्हणून तो उठून दिसतो. डाग पहिल्यापासूनच आहे आई. नवा काही नाही. "मी ट्यूब लावून दिली असती तरी दिसला असता."

आईनं स्वयंपाकघरात ट्यूब कधी लावू दिली नव्हती. पांढऱ्या उजेडात भाकरी कच्ची दिसते म्हणायची.

"तो कुठं बसायचा ते म्हायती हाय मला," आई म्हणाली. "तू सांगू नको."

वेदिका बाहेर गेली आणि तिनं स्विच दाबला. पांढरा उजेड गेला; केशरी नाही, लाल नाही, एकदम. जसा कधी नव्हताच. तिनं खिडकीतून पाहिलं. भिंत कोरी, मऊ, पिवळी. आई अजून तिकडेच बघत होती.

त्या आठवड्यात काही घडलं नाही असंच कोणीही म्हणालं असतं. सोमवारी वेदिका आली तेव्हा आईनं दिवा थोडा वेळ राहू दे म्हणून सांगितलं. मंगळवारी तिनं आपला पाट हलवून भिंतीसमोर घेतला. बुधवारी वेदिकानं रंगाचा डबा आणायचं काढलं, तर आई म्हणाली, "डोक्याला रंग लावशील का त्याच्या?" आणि त्यात थट्टा किती आणि किती नाही हे वेदिकाला कळलं नाही. ती आतल्या खोलीत कपडे बदलत असताना स्वयंपाकघरातून आवाज आला, "पाणी घेतलंस का?" तिनं "हो" म्हटलं. मग तिच्या लक्षात आलं, की पाणी तिला विचारलं नव्हतं. गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी वळायच्या आधीच, झोत अजून कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीवर असताना, आई खिडकीतून मागे वळलेली तिला दिसली. पाट मांडत होती. दोन पाट. एक भिंतीला लावून.

वर्षभर रोज नऊ सेकंद पाहुण्यासारखं येऊन जाणारं जे काही होतं, ते आता बसलं होतं. वेदिकानं बसवलं होतं. तिच्या कानात दिनेशचं वाक्य वाजत राहिलं: आता बसला बघ. शुक्रवारी कामावर, जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर, तिनं जुना बल्ब रुमालातून सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पोलाद बघायची सवय असलेल्या डोळ्याला ते ओळखीचं वाटलं; कणाला कण लागून वाढलेले स्फटिक, त्यांच्या सीमा, आणि त्या सगळ्यांतून जाणारी ती वाटोळी रेघ, आत आत जाऊन ठिपक्यापाशी थांबणारी. चक्र. आई लहानपणी दोघांची बोटं उजेडाकडे धरून मोजायची. योगेशला दहा बोटांत सात चक्रं, तीन शंख. वेदिकाला सगळे शंखच. "शंखवाली घरातल्या घरात वाजती," आई म्हणायची, "आन् चक्रवाला गावभर फिरतो. फिरतो पण घरी येतो." तिनं भिंग बाजूला केलं. आपला उजवा अंगठा त्या डागाजवळ नेला, लावला नाही, आणि बल्ब एका प्लास्टिकच्या डबीत घालून टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. डबीला तिनं चिठ्ठीही चिकटवली, नमुन्यांना चिकटवतात तशी. चिठ्ठीवर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून फक्त तारीख घातली.

त्या संध्याकाळी ती सरळ आत गेली, भिंतीला लावलेला पाट उचलला आणि उभा करून ठेवला.

"ठेव तो खाली," आई म्हणाली.

"आई, तिथे कोणी नाही."

"मी कुठं म्हनते हाय?"

"मग पाट कोणाला? आणि मी इथे उभी आहे ती तुला दिसते का? वर्ष झालं, मी रोज या दारातून येते. एकदा तरी—" पुढचं तिनं सोडून दिलं. ते फार लहान होतं, मोठ्या माणसानं मागायच्या मानानं. त्याऐवजी ती म्हणाली, "आणि दिवा तरी मी कुठे माझ्या मनानं बदलला? तूच म्हणालीस, मोठा कर. मी केला."

आई तिच्याकडे बघत राहिली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच ती भिंत सोडून कशाकडे तरी बघत होती. "अगं माझे आई," ती म्हणाली, "मोठा कर म्हंजे—" आणि थांबली. तो शब्द तिच्या तोंडून येणार नव्हता. घरात तो कधीच कोणी बोलत नसे, दिव्याबद्दल नाही. तिनं उजवा हात वर केला, पदराचं टोक धरलं आणि देवापुढचं निरांजन शांत करताना वारा घालतात तसं हवेत एकदा, दोनदा हलवलं. मग हात खाली सोडला. "असं म्हनू नये, म्हनून मोठा कर म्हनत्यात. तुला म्हायती नाय? योग्यानं कंदिलाची काच तडकवली तवा सगळ्यांत जास्त दात तूच काढत होतीस."

वेदिका पाटावर बसली. भिंतीला लावलेला पाट तिनंच उभा केला होता, तोच तिनं आडवा केला आणि त्याच्यावर बसली, पाठ न टेकता.

तिला माहीत होतं. निफाडचं घर, वीज गेलेली, जेवणं झालेली, अंथरुणं घातलेली. आई आतून म्हणाली, योग्या, कंदील मोठा कर रे आता. आठ वर्षांच्या योगेशनं खिट्टी फिरवली ती फिरवतच राहिला. वात वर आली, ज्योत काचेच्या गळ्यातून बाहेर पडली, भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या छपरापर्यंत गेल्या, आणि टच्च झालं. काच उभी तडकली. त्या एका क्षणात घर जितकं उजळलं तितकं ते वेदिकाच्या आठवणीत पुन्हा कधी उजळलं नव्हतं. वडील हसून हसून खोकायला लागले. त्यानंतर कित्येक वर्षं, झोपायच्या वेळी कोणी ना कोणी म्हणायचंच, योग्याला सांगू नका रे, तो खरंच मोठा करील. हे सगळं तिला माहीत होतं. चेहरे, राखेचा वास, काच वेचताना आईच्या बांगड्या. मग तांदूळ निवडणाऱ्या आईचं ते वाक्य ऐकताना हे कुठे होतं? विसरणं ही एक गोष्ट झाली. पण ही चूक तिच्या घरात एकाच माणसाची होती. बाकी कोणी ती करणं शक्यच नव्हतं. दिनेशला कळलं होतं, त्याचा पाना हवेत थांबला होता. आणि ती, सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढी चीर पकडणारी, "सगळ्यात मोठा असेल तो" म्हणाली होती. ते तिच्या तोंडून कोण म्हणालं? की तिलाच तो तसा, पदराच्या वाऱ्यानं, मोठा करायचा नव्हता? रोजचे नऊ सेकंद, ती खिडकीतली वर झालेली मान. आई वर्षानंतर सोडायला तयार झाली होती. हात निघाला नव्हता तो वेदिकाचा.

"आई," ती म्हणाली, "मग तू इतक्या दिवसांत सांगितलं का नाहीस?"

आईनं तव्याखालचा गॅस बारीक केला. "दिसला ना गं," ती म्हणाली. "एकदा दिसल्यावर कोन सांगल?"

शनिवारी वेदिका नेहमीच्याच वेळी निघाली. थंडी होती; जाकीट तिनं त्या दिवशी घरी ठेवलं होतं आणि वारा सरळ बरगड्यांत जात होता. मधल्या काळोख्या रस्त्यावर नवा दिवा चांगला चालला, खड्डे लांबूनच दिसले. गल्लीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली. झोत अजून कोपऱ्यावरच्या घरावर होता. डावा अंगठा स्विचवर ठेवून ती जरा वेळ बसून राहिली. दिवा फुंकर मारून घालवायचा नसतो, पदराच्या वाऱ्यानं, नाहीतर फुलानं. स्विचसाठी काही रीत सांगून ठेवलेली नाही. "मोठा करते," ती हळूच म्हणाली, आणि स्विच ओढला.

उजेड एकदम गेला. गल्लीत खांब नाही; घराघरांच्या दारांतून येणारा तेवढाच उजेड तुकड्यातुकड्यांनी पडला होता. तिनं गाडी उतारावर सोडली. मोटरही बंद, फक्त टायरखाली खडी दबल्याचा आवाज. तिला कोणी पाहिलं नाही, कुत्र्यानंही नाही. खिडकीच्या चार हात अलीकडे ती थांबली, पाय टेकले आणि आत पाहिलं.

आई पाठमोरी होती, भाकरी थापत. दार लावलेलं. भिंतीला पाट नव्हता. आणि भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली, गजांच्या सावल्यांसकट चौकोन पडला होता. पिवळा.

वेदिकानं मागे वळून पाहिलं. गल्ली वरपर्यंत रिकामी होती. तिनं गाडीच्या दिव्यावर तळवा ठेवला. काच थंड, आत काळोख. जुना बल्ब अंबडला होता, डबीत, खणात, कुलपाआड. एकेक कारण ती खोडत गेली, आणि ती सगळी खोडून झाली तरी चौकोन होताच. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक करडी, वाटोळी जागा होती, जी धुळीमुळे पडते असं समजून ती वर्षभर दिव्याची काच पुसत आली होती; ती अंगठ्याची सावली होती. मग तो चौकोन उतरायला लागला. पिवळ्याचा केशरी झाला. तंतूला थंड व्हायला डोळा मिटण्याइतकाही वेळ लागत नाही. याला लागला तेवढ्या वेळात आईनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि ती उलटली. केशरीचा लाल झाला. गजांच्या सावल्या भिंतीत मुरल्या. शेवटी त्या करड्या जागेभोवती एक बारीक तांबडी कड राहिली, आणि मग भिंत राहिली.

"गेला," आई म्हणाली. रडवेलं नाही, मोठ्यानंही नाही. दारापर्यंत पोचवून आल्यावर घरातल्यांना सांगतात तसं. तिनं भाकरी तव्यावरून काढून आचेवर धरली. ती फुगली. मग पाठ न वळवता, बाहेरच्या अंधारात, जिथे ना आवाज होता ना उजेड, तिनं विचारलं, "आली का गं?"

"आले," वेदिका म्हणाली.